करपलेलं जिरं

यशया भांबळ मास्तरांना खोटं बोलता येत नसे. शाळेत त्याबद्दल त्यांचं कौतुक व्हायचं, पण परवा त्याच गुणापायी त्यांनी आपल्या सख्ख्या मावशीला फौजदाराच्या हाती दिलं होतं.

सन शेहेचाळीसच्या डिसेंबरातल्या एका शनिवारी सकाळी ते नगरच्या तोफखाना भागात भिमाजी रोहोकल्यांच्या दारात उभे राहिले, तेव्हा भिमाजी बाजरीच्या भाकरीवर लोण्याचा गोळा पसरवत होते. पुण्याच्या साध्या वेशातल्या पोलिसांत वीस वर्षं काढून हा गृहस्थ गावी परतला होता. लोकांच्या भानगडी निस्तरून देणं हा आता त्याचा धंदा, आणि खाणं हा धर्म. नगरात कुठल्या घरी कुठल्या वारी काय शिजतं, हे त्याला तोंडपाठ असे.

"जेवलात का, मास्तर?" भिमाजींनी विचारलं.

मास्तर परवापासून धड जेवले नव्हते. भिमाजींनी ताट पुढे सरकवलं आणि भाकरी संपेपर्यंत एक अक्षर ऐकून घेतलं नाही. मग म्हणाले, "आता सांगा. आणि मधलं काही गाळू नका. कोणी काय खाल्लं तेसुद्धा."

मास्तरांनी सांगितलं ते असं. माळीवाड्यात त्यांच्या मार्थामावशीची खानावळ होती. मावशी विधवा, पोटी मूल नाही, आणि आईविना राहिलेल्या यशयाला तिनंच वाढवलेलं. तिच्या हातच्या हुलग्याच्या शेंगोळ्यांसाठी माणसं कोसावरून येत. पुढच्या पडवीत मिशनचे मास्तर, ड्रायव्हर, लष्करातले कारकून उघडपणे बसत. मागच्या खोलीत पडद्याआड बसत ती गावातली प्रतिष्ठित हिंदू मंडळी. ख्रिस्ती बाईच्या हातचं खाताना कुणी पाहिलं तर घरी धडगत नव्हती, आणि न खावं तर जिभेला राहवत नव्हतं.

या पडद्याआडच्या पंगतीतलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे राधाकृष्ण शेठ. मिरजगावच्या रस्त्यावर त्यांच्या मोटारी चालत. मोटार स्टँडवर त्यांनी नवी इमारत बांधली होती आणि तिथल्या उपाहारगृहाची जागा कुणाला द्यायची, यावर नगरात महिनाभर पैजा लागल्या होत्या. खानावळीसमोरच्या हॉटेलचा मालक सहादेव याला ती हवी होती, मार्थामावशीलाही हवी होती. शेठनं सांगून टाकलं, ज्याच्या हाताला चव त्याची जागा. महिनाभर एक दिवस इथं, एक दिवस तिथं जेवून त्यांनी मावशीला शब्द दिला. वर असंही म्हणाले की येत्या रविवारी आपण पडदा सोडून पुढच्या पडवीत, सगळ्यांच्या देखत जेवायला बसणार.

"आणि गुरुवारी?"

गुरुवारी दुपारी शेठ नेहमीसारखे मागच्या खोलीत बसले. सोबत पुतण्या कानिफनाथ. शेंगोळी, भाकरी, भरीत, ठेचा. तेच ताट पुढे पडवीत मास्तरांपुढे होतं, आणखी सहा जणांपुढे होतं. अर्ध्या जेवणात पडद्याआडून शेठचा आवाज आला, "कानिफ, जिरं करपलंय आज." कानिफ "सांगतो" म्हणाला. पुढे अर्ध्या तासात शेठ हवेतून काहीतरी वेचायला लागले, भिंतीला बैल समजून हाकायला लागले, घसा कोरडा पडला आणि डोळ्यांतल्या बाहुल्या कवडीएवढ्या झाल्या. दवाखान्यात डॉक्टरनं बघताक्षणी सांगितलं, धोतऱ्याचं बी.

फौजदारानं झडती घेतली. मावशीच्या काळ्या मसाल्याच्या बरणीत वरच्या थरात धोतऱ्याच्या बियांची पूड निघाली. शेठ जगले, पण गुरुवारचं त्यांना काहीच आठवत नव्हतं. कानिफनं जबानी दिली की काकांनी जागेचा विचार बदलला होता आणि मार्थाबाईला त्याच दिवशी ते सांगितलं होतं. फौजदारानं मास्तरांना विचारलं, जेवताना शेठ काही बोलले का. आणि मास्तरांनी जिऱ्याचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं.

"झालं," मास्तर म्हणाले, "चव बिघडल्याचं शेठनं स्वतः सांगितलं, तिच्या भाच्यानं ऐकलं. खानावळीला कुलूप लागलंय. सोमवारी तिला अटक करणार. भिमाजीराव, माझ्या तोंडानं ती तुरुंगात चाललीय."

भिमाजी हात धुवायला उठले.

"तुमच्या ताटातल्या शेंगोळ्यांत जिरं करपलं होतं का?"

मास्तर गडबडले. नव्हतं. शेंगोळी नेहमीसारखीच फक्कड होती. हे त्यांच्या आतापर्यंत लक्षातच आलं नव्हतं.

*

खानावळीच्या पुढच्या दाराला सरकारी कुलूप होतं. मार्थामावशी परसात तीन दगडांच्या चुलीवर पिठलं ढवळत होती. साठीची काटक बाई. रडून झालेलं दिसत होतं, आता नुसता राग उरला होता. बोलता बोलता तिनं डावातला थेंब तळहातावर घेतला, चाटला, आणि आणखी मीठ टाकलं.

"गुरुवारी पण अशीच चव घेतली होती?" भिमाजींनी विचारलं.

"घेतल्याबिगर मी कवा वाढलंय? ह्या हातावर चाखल्याशिवाय भांडं चुलीवरनं उतरत न्हाई माझं."

शेठनं जागा देत नाही असं तिला सांगितलं होतं का, या प्रश्नावर तिनं डाव आपटला. उलट वाढायला गेली तेव्हा रविवारी चार भाकरी जास्त टाक म्हणाले होते. जिरं करपल्याचं मात्र तिला कुणीच येऊन सांगितलं नव्हतं.

"त्यांना पाणी कोण देतं?"

मावशी कडवट हसली. "माझ्या हातचं समदं खात्यात, पर माझ्या घरचं पानी न्हाई पीत. घरून फिरकीचा तांब्या येतो ताकाचा. म्हनजे घरी बायकूनं इचारलं तर शपथेवर सांगता येतं, तिथं पान्याचा थेंब घेतला न्हाई म्हून."

"आणि शेंगोळी काय कोरडी शिजतात?"

"त्ये त्यांना इचारा."

शेठ पडल्यावर स्वयंपाकघरात कोण कोण शिरलं, हे भिमाजींनी दोनदा विचारलं. कानिफनाथ लिंबू शोधायला पळाला होता. मावशी तेव्हा शेठचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. समोरून सहादेव गलका ऐकून आला होता, हे मास्तरांनी स्वतः पाहिलं होतं. तो पडवीच्या पायरीवर उभा राहून मान लांब करून बघत होता.

भिमाजींनी पिठलं-भाकरी खाल्ली, वर परत मागून घेतली, आणि मास्तरांना घेऊन रस्ता ओलांडला.

*

सहादेवच्या हॉटेलात दर्शनी भिंतीवर देवाचा फोटो, त्याला ताजा हार, आणि फोटोखाली सकाळच्या पहिल्या भज्यांचा नैवेद्य. साखरेचं रेशन असल्यानं चहा गुळाचा होता. मास्तरांना तो विषासारखा लागला, कारण त्यांच्या मते गुन्हेगार हाच होता. गेला महिनाभर हा माणूस चौकात उभा राहून मावशीच्या नावानं बोटं मोडत होता.

सहादेवनं ते नाकारलंही नाही. "मला जागा पाहिजे होती आणि अजून पाहिजे. ती बाई आत गेली तर मला वाईट वाटणार नाही. पण विष घालायला तिच्या चुलीपाशी जायला लागतं. मी पायरीच्या वर पाय टाकला नाही, सगळ्या गल्लीनं बघितलं. तिच्या स्वयंपाकघरात शिरलो असतो तर दुसऱ्या दिवशी माझ्या हॉटेलात कुत्रं तरी आलं असतं का?"

"भजी छान आहेत," भिमाजी म्हणाले. "ओवा जरा कमी चालला असता."

बाहेर पडताच मास्तर उसळले. कुणाला तरी चिरीमिरी देऊन करवलं असेल, म्हणाले. भिमाजींनी मिशीला लागलेलं तेल पुसलं. पुढची पंगत कुठं, एवढंच त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

*

पुढची पंगत खुद्द शेठच्या घरी बसली. शेठ दवाखान्यातच होते. त्यांच्या पत्नी विजयमालाबाईंनी आधी मास्तरांकडे पाहून कपाळाला आठी घातली, पण रोहोकले भाऊंचा मान म्हणून दोघांना सोप्यात पाट मांडले. मास्तरांना पत्रावळ आली, भिमाजींना ताट. भिमाजींनी ताट बाजूला सारलं आणि पत्रावळ मागून घेतली.

आमटी संपूर्ण अळणी होती. मास्तर मुकाट्यानं गिळत राहिले. भिमाजींनी मात्र मीठ मागितलं.

"राहिलं वाटतं," बाई ओशाळून म्हणाल्या. "नैवेद्य दाखवायच्या आधी चाखता येत नाही ना. अंदाज चुकतो कधीकधी."

कानिफनाथ दाराशी उभा होता. पंचविशीचा, देखणा, बोटात नवी कोरी अंगठी. तो जरा तोऱ्यात म्हणाला, "देवाच्या आधी चव घेतली तर ते उष्टं झालं. कुठल्याच चांगल्या घरात तसं करत नाहीत."

भिमाजींनी त्याला अंगठीबद्दल विचारलं. उत्तर बाईंनीच दिलं. पाथर्डीकडची मुलगी, माघात लग्न, आणि सोयरे मोठे कडक. शेठ त्या बाईकडे खातात ही कुणकुण त्यांना लागली तर सुपारी परत येईल, या काळजीनं विजयमालाबाईंना झोप नव्हती. "लपून खात होते तोवर मी डोळेझाक केली," बाई म्हणाल्या. "रविवारी उघड बसणार म्हटल्यावर मी पाया पडले त्यांच्या. ऐकलं नाही."

"तुमच्या हातचं ताक मात्र न्यायचे. जिरं घालून?"

"एरवी घालते. गुरुवारी घरात जिऱ्याचा दाणा नव्हता, नुसतं मीठ घातलं. का हो?"

"काही नाही. शेठ आवडीनं प्यायचे म्हणून विचारलं. कानिफराव काही बोलले नाहीत ना ताकाबद्दल?"

बाई नाही म्हणाल्या. कानिफ बाहेर मोटारीचा भोंगा वाजला म्हणून निघून गेला. भिमाजींनी तो तांब्या बघायला मागितला. आतून कल्हई, वर फिरकीचं झाकण, आणि इतका लखलखीत की त्यात तोंड दिसावं.

"कानिफनंच घासून आणला त्या दिवशी," बाई कौतुकानं म्हणाल्या. "गडबडीतसुद्धा भान ठेवलं पोरानं. नाहीतर जेवलेलं ताट उचलायचं माहीत नाही त्याला."

भिमाजींनी झाकण उघडलं, आत नाक घातलं, मग झाकणाच्या आट्यांतून नख फिरवलं आणि ते नख रुमालाला पुसलं. रुमालाची घडी करून खिशात ठेवली. मास्तरांना वाटलं, आता हात पुसायचीही रीत राहिली नाही या माणसाला.

*

रविवारी दुपारी फौजदारानं स्वतः कुलूप काढलं, तेही फार कुरकुर करून. भिमाजींनी मागच्या खोलीतला पडदा काढून टाकायला लावला. सहादेव पायरीवर बसला. विजयमालाबाई पदर नाकाशी धरून बाकाच्या कडेला टेकल्या, कानिफनाथ त्यांच्यामागे उभा राहिला. चुलीवर शेंगोळी रटरटत होती. लसणाचा वास असा सुटला होता की फौजदार दोनदा तिकडं बघून गेला.

मावशीनं डावातला रस्सा तळहातावर घेतला आणि चाटला.

"तुम्ही... चाखता?" कानिफच्या तोंडून गेलं.

"चाखतात," भिमाजी म्हणाले. "रोज, प्रत्येक भांडं. आणि विष कालवणाऱ्याला नेमकं हेच ठाऊक नव्हतं."

मग ते बाकावर ऐसपैस बसले आणि बोलायला लागले. बरणीतल्या मसाल्यात जेवणाआधीपासून धोतरा असता, तर पहिला भ्रम झाला असता मार्थाबाईंना, मग यशया मास्तरांना, मग पडवीतल्या सहा जणांना. झाला फक्त शेठना. बाईंनी एकट्या शेठच्या वाटीत विष टाकलं म्हणावं, तर उद्या ज्या बरणीतून स्वतः खायचं तिच्यात ती पूड कोण कालवून ठेवील? म्हणजे बरणी नंतर बिघडवली, आणि बिघडवणारा अशा घरात वाढला जिथं स्वयंपाकीण नैवेद्याआधी चव घेत नाही. त्याला वाटलं, इथंही तसंच असणार.

"तसा तर सहादेवही आहे," फौजदार म्हणाला.

"आहे. पण बरणी चुलीपाशी आणि सहादेव पायरीवर. त्याचं सोवळंच त्याची साक्ष देतं." सहादेवनं मान खाली घातली. "आता जिरं. मास्तरांनी खरं तेच सांगितलं, साहेब. आपण त्याचा अर्थ चुकीचा लावला. शेंगोळ्यांत काही करपलं नव्हतं, मास्तरांनी तीच खाल्ली. मग शेठच्या तोंडाला कडू काय लागलं? इथं त्यांनी एकच गोष्ट अशी घेतली जी दुसऱ्या कुणी घेतली नाही. घरचं ताक. एरवी त्यात भाजलेलं जिरं असतं. तपकिरी पूड तरंगताना दिसली, कडू लागली, शेठना वाटलं जिरं करपलं. पण त्या दिवशी ताकात जिरं नव्हतंच."

विजयमालाबाईंच्या तोंडावरचा पदर गळून पडला. "भाऊ, ताक मी भरलं होतं."

"तुम्ही भरलंत. पण तुम्ही केलं असतं तर जिरं नव्हतं हे मला आपणहून सांगितलं नसतं, आणि तुम्ही या स्वयंपाकघरात आजवर पाऊल टाकलेलं नाही. तांब्याही हातात होता आणि बरणीपाशीही पोचला, असा माणूस एकच. लिंबू शोधायला गेलेला." भिमाजी कानिफकडे वळले. "जिरं करपल्याचं 'सांगतो' म्हणालास, आणि ना इथं सांगितलंस ना काकूला. काका बैल हाकत होते, गल्ली जमली होती, आणि ताट न उचलणारा तू तांब्या घासत बसलास. शेठनं विचार बदलला हे फक्त तुझ्या जबानीत आहे. ते तर मावशींना चार भाकरी जास्त टाक म्हणत होते."

त्यांनी खिशातून रुमाल काढून उलगडला. वाळल्या ताकाची पांढरी खपली, आणि तिला चिकटलेलं बियांचं तपकिरी टरफल. "तांब्या छान घासलास. फिरकीच्या आट्यांत हात घालायचं मात्र भांडी घासणाऱ्या बाईलाच सुचतं."

कानिफ भिंतीला टेकून खाली बसला. "काकांना मारायचं नव्हतं," तो म्हणाला. "एकदा इथं खाऊन आजारी पडले की पुन्हा पायरी चढणार नाहीत, एवढंच. रविवारी उघड बसले असते तर माझं लग्न मोडलं असतं. वाळीत टाकलं असतं आम्हाला, काकू."

विजयमालाबाई बाकावरून घसरत खाली बसल्या. त्यांना धरून उठवायला मार्थामावशी पुढं झाली आणि मध्येच थांबली, स्पर्श चालेल की नाही या विचारानं. बाईंनीच तिचा हात धरला.

कानिफला घेऊन फौजदार निघाला. जाताना मास्तरांपाशी थांबून तो म्हणाला की जबानी त्यांची बरोबर होती, कान आपले चुकले. ते मावशीजवळ गेले आणि लहानपणी जायचे तसे तिच्या खांद्याला टेकले.

"खरं बोललास त्याचा मला कवाच राग न्हवता, लेकरा," ती म्हणाली. "तू जेवत न्हवतास त्याचा हुता."

भिमाजींनी तिसऱ्यांदा शेंगोळी वाढून घेतली.

*

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी राधाकृष्ण शेठ माळीवाड्यात आले. आजारानं अंगरखा लोंबत होता, हातात काठी होती. पुतण्याबद्दल विचारायची कुणाची छाती झाली नाही. ते मागच्या दारानं गेले नाहीत. पुढच्या पडवीत, ऐन रस्त्यावरून दिसेल अशा बाकावर, मास्तर आणि भिमाजींच्या मध्ये येऊन बसले. समोर हॉटेलाच्या दारात सहादेव हातातली किटली तशीच धरून उभा राहिला.

मावशीनं ताट आणलं. सवयीनं तिची नजर शेठच्या उजव्या हाताशी गेली, तिथं काहीच नव्हतं.

"तांब्या इसरला जनू," ती म्हणाली. "कुनाला घरी धाडू का?"

"विसरलो नाही," शेठ म्हणाले. "मार्थाबाई, पाणी द्या प्यायला."

मावशी जागची हलेना. पंधरा वर्षांत या माणसाला तिनं हजार भाकऱ्या वाढल्या होत्या. मग ती आत गेली. गडू दोनदा विसळून तिनं तो माठातून काठोकाठ भरला, हे मास्तरांना दारातून दिसलं. शेठनं गडू घेतला आणि भर रस्त्यासमोर घटाघटा रिकामा केला. मिशा पुसून त्यांनी तो परत पुढं केला.

"अजून द्या," ते म्हणाले.